पंचवीस ग्रॅमचा हात

काका : ...मग नात काय म्हणाली माहितीये? "आजोबा, तुमच्या तोंडात काहीतरी मेलंय." सहा वर्षांची पोर. भर पाहुण्यांसमोर. आमची ही तिला रागावली, पण रागावता रागावता स्वतःच दोन पावलं मागे सरकली. ते मी पाहिलं.

डॉक्टर : काका, तोंड उघडं ठेवा ना. तुम्ही बोलताय आणि मी मोजतेय, असं कसं व्हायचं?

काका : उघडतो. पण आधी ऐका. मी सोफे उसवणारा माणूस. वीस-वीस वर्षं वापरलेले सोफे येतात माझ्याकडे. आत मेलेले उंदीर निघतात, मांजर व्यालेलं असतं, कोणाच्या पोराने कधीकाळी केलेलं सगळं मुरलेलं असतं. मी नाक न मुरडता हात घालतो. मला घाणीचं काही वाटत नाही. पण ह्या दाताच्या बुडातून सकाळी उठल्यावर जे येतं ना, त्याने माझं मलाच मळमळतं. उशीचा अभ्रा रोज बदलतो मी. चोरून बदलतो.

डॉक्टर : आज तुमची तारीख नसताना आलात, म्हणजे त्रास असणारच. बघते. उजवीकडचा खालचा, मागून दुसरा. हाच ना?

काका : हाच. ज्याच्या मुळाशी तुम्ही लोकांनी ती पांढरी पूड घातली.

डॉक्टर : हाड भरून यायची पूड. वर्ष झालं तिला. आ करा... चार. मध्ये तीन. पुढे परत चार. गेल्या महिन्यातही हेच होतं. मोजणी चांगली आहे हो, काका. पूड घालायच्या आधी तुमच्या दात आणि हिरडीमधली फट आठ मिलीमीटर खोल होती. ती चारवर आली.

काका : कागद चांगला आहे. तोंड चांगलं नाही.

डॉक्टर : कधी कधी वास दुसरीकडून येतो. घशातून, पोटातून...

काका : पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. आत नळी घालून पाहिलं त्याने. म्हणाला, पोट लख्ख. घशाचा म्हणाला, घसा लख्ख. जिकडे जावं तिकडे लख्खच लख्ख. आता आमची ही म्हणते, तुमच्या मनाचे खेळ आहेत. असं म्हणते आणि पाठ करून झोपते.

डॉक्टर : मी औषधाच्या गुळण्या लिहून देते...

काका : एक विचारू? रागावणार नाही ना?

डॉक्टर : विचारा की.

काका : तुम्ही मोजता की गोंजारता?

डॉक्टर : म्हणजे?

काका : गेल्या वर्षी पहिल्यांदा तुम्ही ही मोजायची सळई आत घातलीत, तेव्हा माझे दोन्ही पाय खुर्चीवरून उचलले गेले होते. डोळ्यांना धारा. मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोललो, ते सांगत नाही. आणि आता? गुदगुल्या.

डॉक्टर : सूज उतरली की दुखत नाही. चांगलं लक्षण आहे ते.

काका : असेल. पण आमच्यात गादी नीट भरलीय का हे बघायला अंगठा दाबतात. हलका दाबला तर वरचं कापडच लागतं हाताला. तेव्हा सगळ्याच गाद्या छान वाटतात. आतला काथ्या कुजलाय का, ते जोर दिल्यावर कळतं. तुम्ही कापडावरूनच परत येताय, बाई.

डॉक्टर : असं नसतं, काका. आमचा जोर ठरलेला असतो. पंचवीस ग्रॅम. कमी नाही, जास्त नाही. प्रत्येक तोंडात, दर वेळी तेवढाच.

काका : तो कसा ठरवता?

डॉक्टर : काट्यावर. त्या कपाटात छोटा वजनकाटा आहे, सोनाराकडे असतो तसा. त्याच्यावर सळईचं टोक टेकवायचं आणि दाबायचं. पंचवीस आले की थांबायचं. असं शंभरदा केलं की हात शिकतो.

काका : आणि शिकलेला हात विसरत नाही?

डॉक्टर : विसरतो. म्हणून तर मोठ्या सुट्टीवरून आल्यावर पुन्हा तपासायचा असतो.

काका : तुमची झाली की मोठी सुट्टी. पहिल्या वेळी तुमचं पोट एवढं पुढे आलं होतं. तुम्ही वाकलात की बाळ माझ्या कोपराला लाथ मारायचं.

डॉक्टर : मारायचं खरं. तुम्ही तेव्हा बोलला नाहीत.

काका : तोंडात सळई होती, बोलतो कसला! काय झालं? मुलगा, मुलगी?

डॉक्टर : मुलगी. नऊ महिन्यांची आहे.

काका : दात आले?

डॉक्टर : खालचे दोन. तांदळाच्या कणीएवढे. बोटाला ओलं फडकं गुंडाळून रोज हिरड्या पुसते तिच्या. जरासा जोर लागला की ओठ काढते, मग मी लगेच...

काका : लगेच काय?

डॉक्टर : लगेच हात मागे घेते.

काका : बाई?

डॉक्टर : तुमच्याही कपाळाला आठी पडली ना काका, की मी थांबते. आत्ताही थांबले. सगळ्यांच्याच बाबतीत थांबते. असेच बसा दोन मिनिटं.

काका : निघालात कुठे?

डॉक्टर : कपाटापर्यंत.

काका : हाच का तो काटा? एवढुसा? ह्याच्यावर खिळासुद्धा लाजेल... किती दाखवतोय?

डॉक्टर : अकरा.

काका : परत करा. एखाद्या वेळी कोणाचाही हात...

डॉक्टर : बारा. अकरा. दहा. हे बघा, मी आकड्याकडे बघत नाहीये. तुमच्या हिरडीत ठेवते तशीच ठेवतेय. तुम्ही वाचा.

काका : दहा. आणि पाहिजेत किती म्हणालात?

डॉक्टर : पंचवीस.

काका : अर्ध्याच्याही खाली गेला की हात.

डॉक्टर : थांबा, आता आकडा बघत दाबते. वीस... हे पंचवीस. किती जड वाटतंय! कोणाला तरी मुद्दाम दुखवतेय असं वाटतंय.

काका : मग दुखवा. हे घ्या, उघडलं.

डॉक्टर : काका, खूप दुखेल.

काका : गेला महिनाभर तेच तर सांगतोय. दुखलं पाहिजे.

डॉक्टर : चार... हं, इथेच मी थांबत होते. पाच. अजून आत जातेय. सहा. सात. सात आहे, काका.

काका : आँ... आँ!

डॉक्टर : झालं, झालं. काढली. थुंका. ह्या वाटीत थुंका.

काका : बघा! ते बघा! पिवळं-हिरवं. आला वास?

डॉक्टर : आला.

काका : खरंच आला? मास्कमधून?

डॉक्टर : मास्कमधून आला.

काका : हुश्श! म्हणजे मला वेड लागलेलं नाही. बाई, तुम्ही हे आमच्या हिला लिहून द्याल का? जास्त नको. एवढंच, की वास आहे. खाली सही आणि शिक्का.

डॉक्टर : देते लिहून. आधी रक्त पुसू दे. आणि हा कापसाचा बोळा दाताखाली धरा. बोलायचं नाही.

सर : अगं, तू इथे होय! मी सगळा मजला पालथा घातला. एकतीस जणांची मोजणीची पत्रकं आहेत ही, प्रत्येकावर तुझी सही हवी. माझ्या पुडीच्या मंजुरीसाठी चार वाजता सगळं पाठवायचंय. आणि हे कोण? आज कोणाची तारीख नव्हती ना?

डॉक्टर : हे सतरा नंबर, सर.

सर : सतरा... हां हां, सोफ्याचे! आठवरून चार. अहो, तुम्ही आमची सर्वोत्तम केस आहात. तुमच्या दाताचं छायाचित्र अहवालाच्या पहिल्या पानावर घेतलंय मी.

काका : अं. अं अं.

सर : काय म्हणतायत?

डॉक्टर : चार नाही म्हणतायत. सात आहेत, सर.

सर : कोणी मोजलं?

डॉक्टर : मी, आत्ता. पू आलाय. ती वाटी बघा.

सर : झाक ती. माझ्यापुढे नको आणू, झाक आधी.

डॉक्टर : झाकली.

सर : हे बघ, एखादा दात पुन्हा बिघडतो. एकतिसात एक, म्हणजे काहीच नाही. हवं तर खाली तळटीप देऊ.

डॉक्टर : एका दाताची गोष्ट नाही, सर. माझाच हात बिघडलाय. आत्ता काट्यावर पाहिलं, दहा-अकरा ग्रॅमच्या वर जात नाही. सुट्टीवरून आल्यापासून मी सगळ्यांचं असंच मोजलंय. पूड घालायच्या आधी मोजलं ते पंचवीसने, आणि नंतरचं अकराने. फटी भरल्याच नसतील. मी तळापर्यंत पोचलेच नाही.

सर : एक्स-रे आहेत की. प्रत्येक एक्स-रेत मुळाशी पांढरं दिसतंय.

डॉक्टर : पूडच पांढरी दिसते. हाड तयार होवो न होवो, ती तिथे पांढरीच दिसणार. तुम्हीच शिकवलंत आम्हाला. म्हणून तर सळईने मोजायचं ठरलं होतं.

सर : ठरलं होतं...

डॉक्टर : आणि मी तेव्हा म्हटलंही होतं, पूड न घातलेले दहा जण तरी ठेवू या. त्यांचे आकडेही असेच खाली आले असते, तर मी परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं की गडबड मोजण्यात आहे.

सर : पूड न घेता वर्षभर कोण थांबतं इथे? बोलायला सोपं आहे.

काका : अं अं अं, अं!

डॉक्टर : काका, बोळा काढू नका.

काका : काढला. मला एवढंच कळू दे. माझ्या दाताखाली हाड आहे की खडू?

सर : आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?

काका : आजोबा नका म्हणू, साहेब. तुमच्या-माझ्यात असला तर दोन-तीन वर्षांचा फरक असेल. आणि बाहेर कशाला? दात माझा चाललाय.

डॉक्टर : बसू दे त्यांना. सर, मला हे विचारायचंय. काटा काढताना त्याच्याखाली ही वही सापडली. हात तपासल्याच्या नोंदींची. ही तारीख बघा. मी कामावर परत आले तो दिवस. "दहा वेळा दाब घेतला, सरासरी पंचवीस, योग्य." खाली तुमची सही आहे.

सर : हं.

डॉक्टर : त्या दिवशी मी काट्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. अकराला पाळणाघरातून फोन आला, तिला ताप भरला होता. तुम्ही म्हणालात, "जा, जा, इथलं मी बघतो." किती बरं वाटलं होतं मला! घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, आमचे सर किती समजून घेतात.

सर : मग? समजूनच घेतलं ना? चार वर्षं तुझा हात एका ग्रॅमने इकडचा तिकडे झाला नाही. तुला अडकवून ठेवायला नको म्हणून लिहून टाकलं. विश्वास होता म्हणून लिहिलं.

डॉक्टर : विश्वास एका ओळीत लिहिता आला असता. इथे दहा आकडे आहेत. पंचवीस, चोवीस, सव्वीस, पंचवीस... बसून तयार केलेत तुम्ही. आणि मध्येच एक तेवीस घातलाय. खरं वाटावं म्हणून.

सर : आवाज खाली ठेव.

डॉक्टर : कॉलेजच्या पहिल्या वर्षी बाकीच्या मुली बेसिनकडे पळायच्या, सर. मला कधी पू बघून ओकारी आली नाही. तोंड आहे, त्यात अडकणार, कुजणार, आपण साफ करायचं. त्यात कसली किळस? पण हा तेवीस बघून मला शिसारी येतेय. हे पान हातात धरवत नाही.

काका : पाणी देऊ का, बाई?

डॉक्टर : नको.

सर : झालं बोलून? आता माझं ऐक. तुझ्या वयाचा असताना मी दिवसाला चाळीस तोंडं बघायचो. चाळीस! घरी ताटावर बसलो की घास वर जायचा नाही. तीन-तीनदा अंघोळ करायचो, तरी बोटांना वास आहेच. एक दिवस ठरवलं, ही तोंडं एकेक करून खरवडत बसण्यात जन्म घालवायचा नाही. असं काहीतरी करायचं, की एकदा घातलं की हाड उभं राहील, हिरडी घट्ट बसेल, पुन्हा त्या घाणीत हात घालायला नको. सहा वर्षं लागली ह्या पुडीला. सात वेळा फसली. घाणीला भिऊन पळालो असं म्हण हवं तर. पण पळून गेलो ते कामाकडेच ना?

डॉक्टर : ह्या एकतिसांतलं एक तरी तोंड बघितलंत तुम्ही?

सर : मी पत्रकं बघतो.

डॉक्टर : पत्रकांना वास नसतो.

सर : टोमणे पुरे. बरं, असं करू. ह्यांना मी स्वतः घेतो. आज, आत्ता. हिरडी उघडतो, आतली पूड काढतो, मुळं साफ करतो. दात वाचवायचा जेवढा प्रयत्न करता येईल तेवढा करतो. पत्रक मात्र आहे तसं राहू दे.

काका : तुम्ही स्वतः? मोठे डॉक्टर?

सर : मी स्वतः.

काका : मग माझी काही हरकत नाही.

डॉक्टर : काका!

काका : काका काय, बाई? तुम्ही हात धुऊन घरी जाल. मला हे तोंड घेऊन जायचंय. आमचं काम कसं असतं माहितीये? एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, आणि खिळे कुठे? ओठांत. पस्तीस वर्षं असंच केलं. हल्ली दात हलतो आणि खिळा आत सुटतो. परवा एक गिळता गिळता राहिलो. साहेब एवढं स्वतःहून म्हणतायत, तर मी कशाला आडवा येऊ? तुमचे कागद तुमचं तुम्ही बघा.

सर : बघ. ह्यांना कळतं.

काका : फक्त एक आहे, साहेब. ती बाई आहे ना, रुमालवाली.

सर : कोण रुमालवाली?

काका : शाळेत शिकवते. मागच्या खेपेला बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसली होती. बोलताना सारखा रुमाल तोंडावर. बराच वेळ घुटमळली, मग म्हणाली, "तुम्हालाही येतो का हो वास?" म्हटलं, येतो. एवढी खूश झाली, जसं काही परक्या गावात माहेरचं माणूस भेटलं.

डॉक्टर : नऊ नंबर. त्यांनाही मी चांगलं आहे म्हणून सांगितलं.

काका : तेच तर. म्हणाली, पुढच्या बाकावरची मुलं तिने मागे बसवलीत. मुलं नाक धरतात ते बघवत नाही म्हणे. "पण डॉक्टर तर म्हणतात तोंड चांगलं आहे, म्हणजे मलाच काहीतरी झालंय, आता मनाच्या डॉक्टरकडे जाते." आता ती परत भेटली तर काय सांगू तिला? की माझ्या दातावर साहेबांनी हात फिरवला, तू जा मनाच्या डॉक्टरकडे?

सर : त्यांनाही बोलवू. हळूहळू एकेकाला बोलवून घेऊ. गाजावाजा न करता.

डॉक्टर : आणि पूड?

सर : पुडीचं काय?

डॉक्टर : चार वाजता ही पत्रकं गेली की पूड चांगली ठरते. मग दुसरे डॉक्टर ती दुसऱ्या तोंडांत घालतील. त्यांना गाजावाजा न करता कोण बोलवणार आहे?

सर : सही कर.

डॉक्टर : नाही करत.

सर : मग दुसऱ्या कोणाची तरी घेतो.

डॉक्टर : घ्या. पण प्रत्येक पत्रकावर मी आडवं लिहिणार आहे. हे बघा, पहिल्यावर लिहिलंसुद्धा. "मोजणाऱ्याच्या हाताचा दाब पंचवीसऐवजी अकरा ग्रॅम. ही मोजणी धरू नये."

सर : शाईने लिहिलंस? वेडी आहेस का तू? तुझं काय होईल कळतंय का? हात तुझा, चूक तुझी. वहीत कोणी डोकावणार नाही. सगळे एकच म्हणतील, बाळंतिणीला कामावर घेतलं आणि बघा काय होऊन बसलं. तुझ्यामागून येणाऱ्या एका तरी मुलीला मोजायला बसवेल का कोणी?

काका : साहेब, हे मात्र घाण बोललात.

सर : तुम्ही मध्ये बोलू नका.

काका : मघापासून माझ्या तोंडाची घाण चालली होती, म्हणून म्हटलं.

डॉक्टर : म्हणू देत त्यांना काय म्हणायचं ते. हात माझाच हलका झाला होता, ते मी लिहितेय. तुमचे दहा आकडे तुम्ही लिहा.

सर : एका सोफेवाल्याच्या एका दातासाठी सहा वर्षं पाण्यात घालायची?

डॉक्टर : माझ्या हातावर विश्वास नसेल तर तुम्ही मोजा. हा काटा, हे हातमोजे, हे तोंड. चार आले तर ह्या खुर्चीशेजारी बसून एकतीस सह्या करते आणि उद्यापासून येत नाही.

सर : मला आता सवय नाही. दोन-तीन वर्षं झाली असतील...

डॉक्टर : मी आले त्याच्याही आधीपासून, सर. घ्या. मोठ्या मापाचे आहेत.

काका : या, साहेब. चावत नाही मी.

(सर काट्यावर सळई तीन-चारदा दाबून बघतात. मग खुर्चीवर वाकतात. मास्क असूनही त्यांची मान झटक्याने मागे येते.)

काका : माफ करा, साहेब.

डॉक्टर : तुम्ही कशाला माफी मागता, काका?

काका : सवय लागलीय हो. कोणी जवळ आलं की आधी तेच निघतं तोंडातून.

सर : उघडा. पुन्हा उघडा. जरा मोठा आ करा.

डॉक्टर : सांगा, सर. मी लिहून घेते.

सर : थांब जरा.

डॉक्टर : थांबलेय.

सर : सात.

डॉक्टर : सात. पुढे?

सर : शेजारच्या दाताला तू काय लिहिलं होतंस?

डॉक्टर : तीन.

सर : सहा आहेत. आणि जिभेच्या बाजूने इथे... इथेही पू आहे. हे तू पाहिलंच नाहीस.

डॉक्टर : नाही पाहिलं. लिहिते.

सर : पुरे. मला हात धुऊ दे.

डॉक्टर : पत्रकांचं काय करायचं, सर?

सर : ठेव तिथेच.

डॉक्टर : आणि चार वाजता?

सर : अगं, आधी हात धुऊ दे मला! साबण कुठे असतो इथे?

काका : तुमच्या डाव्या हाताला, साहेब. नळाच्या मागे.

सर : हं. दिसला.

डॉक्टर : सर, मी बाकीच्या तीसही जणांना बोलावते आहे. काटा समोर ठेवून पुन्हा मोजते. जे येईल ते येईल.

सर : मी वर जाऊन बसतो थोडा वेळ. मला फोन देऊ नका कोणाचे.

काका : गेले. चेहरा बघितलात? पांढराफटक.

डॉक्टर : हो.

काका : पाठवतील का हो ते कागद?

डॉक्टर : माहीत नाही. पाठवले तर माझी ओळ त्यांच्यासकट जाईल. तीस पत्रकांवर लिहायची राहिलीय अजून.

काका : तुमची नोकरी?

डॉक्टर : तेही माहीत नाही.

काका : आणि माझ्या दाताचं? साहेब तर निघून गेले.

डॉक्टर : मी साफ करते. भूल देऊन, नीट उघडून. आज पू तरी काढते सगळा. पण वाचेलच असं सांगत नाही. हलतोय तो, आणि उशीर माझ्यामुळे झालाय.

काका : नका सांगू. खूप लोकांनी चांगलं चांगलं सांगून झालंय. नाहीच राहिला तर खिळे डाव्या बाजूने धरायला शिकेन. पस्तीस वर्षांची सवय मोडेल, एवढंच.

डॉक्टर : भुलीचं इंजेक्शन आणते.

काका : आणा सावकाश. मला घाई नाही. आधी त्या रुमालवालीला फोन लावा. नंबर असेल ना तुमच्याकडे?

डॉक्टर : आहे. लागतोय... हॅलो? मी बोलतेय, दातांच्या विभागातून, मोजणारी डॉक्टर... नाही, नाही, कुठला फॉर्म राहिलेला नाही. तुमचं तोंड चांगलं आहे असं मी सांगितलं होतं ना, ते चूक होतं. मोजण्यात माझी चूक झाली... हो. वास आहे. खरा आहे... नाही हो, मनाचं काही नाही... ऐकू येतंय ना? हॅलो?

काका : काय झालं? ठेवला का?

डॉक्टर : नाही. रडतायत... असू दे, रडा तुम्ही. मी आहे फोनवर... आजच. शाळा सुटली की निघा, मी थांबते... काय म्हणालात? नाही, नाही. तोंडबिंड धुऊन येऊ नका. आहात तशाच या.